सहा महिन्यांनी नेमके काय बदलते?

गोंदिया शहराला लागूनच फुलचूर आहे. शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले, हे नव्या माणसाला पटकन कळत नाही. जिल्हा धानाचा. बांध्या, राइस मिल, तांदळाचे ट्रक, असा सगळा पसारा. आणि या पट्ट्यात, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पूर्व विदर्भात, ‘सिकलसेल’ हा शब्द फारसा समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या घरी, कुणाच्या नात्यात, कुणाच्या शेजारी असा रुग्ण असतोच. डोळे पिवळे पडतात, अंगात रक्त राहत नाही, हाडे आणि सांधे असे दुखतात की मोठा माणूसही रडतो. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायले गेले की दुखणे उसळते.

अशा घरातल्या आईचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘पाच-सहा महिने तं लेकरू मस्त होतं जी. मंग एकाएकी काय झालं?’’

या प्रश्नाला घरात अनेक उत्तरे मिळतात. नजर लागली, दूध बाधले, थंडी खाल्ली, लस टोचल्यापासून असे झाले. खरे तर आजार गर्भातच ठरलेला होता. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी दोन सदोष जनुके बाळाला मिळाली होती. तरीही पहिले काही महिने बाळाला काहीच झाले नाही, हे आईचे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. त्याचे उत्तर रक्तात कमी आणि पेशीच्या केंद्रकात डीएनएचा धागा कसा गुंडाळला आहे यात जास्त आहे. हा धागा कसा रचला जातो याचा शोध घेणाऱ्या संशोधकांमध्ये पुण्यात दीर्घकाळ काम केलेले रेण्वीय जीवशास्त्रज्ञ डॉ. संजीव गलांडे यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. त्यांचे संशोधन सिकलसेलवर नव्हते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आणि फुलचूरच्या आईचा प्रश्न एकमेकांपासून फार लांब नाहीत.

आधी धाग्याचे बघू. आपल्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ ताणून धरला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तो ज्या केंद्रकात राहतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. नुसता कोंबला तर गुंता होईल आणि हवा तो भाग कधीच सापडणार नाही. म्हणून निसर्गाने गुंडाळण्याची शिस्त लावली आहे. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या आठ रेणूंची एक गोटी होते आणि तिच्याभोवती डीएनएची १४७ अक्षरे, म्हणजे पावणेदोन वेढ्यांच्या आसपास, गुंडाळली जातात. मग थोडा मोकळा धागा, मग पुढची गोटी. सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना १९७०च्या दशकात पहिल्यांदा स्पष्ट दिसली तेव्हा ती दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी दिसली. डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिने मिळून जे बनते, त्याला क्रोमॅटिन म्हणतात.

ही माळ पुन्हा दुमडते. तिचे फास पडतात, फासांचे झुबके होतात. आणि इथेच खरी गंमत आहे. राइस मिलच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या लावलेल्या असतात. दाराशी असलेले पोते लगेच निघते. भिंतीला टेकलेल्या थप्पीतले, तळाचे पोते कागदावर आपल्या मालकीचे असते, पण आज संध्याकाळी काही ते निघत नाही. पेशीतही तसेच. प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. यकृताच्या पेशीत हिमोग्लोबिनचे जनुक असते, मेंदूच्या पेशीतही असते. पण ते थप्पीच्या तळाशी दडपलेले असते. कुठले जनुक दाराशी आणि कुठले तळाशी, हे क्रोमॅटिनची रचना ठरवते. गोदामाची उपमा एवढ्यावरच सोडून देऊ, कारण पेशीचे गोदाम दर तासाला स्वतःची थप्पी बदलू शकते; मिलवाल्यांना ते परवडणार नाही.

मग ही रचना कोण करते? १९९२ मध्ये अमेरिकेत टेरुमी कोवी-शिगेमात्सु यांच्या प्रयोगशाळेने एक प्रथिन शोधले. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी ही दोन जिथे एका खास पद्धतीने दाटीने येतात, अशा जागा हे प्रथिन हुडकून पकडते. त्याचे नाव सॅटबी-१. रोगप्रतिकारक शक्तीचा कणा असलेल्या टी-पेशी जिथे तयार होतात त्या थायमस ग्रंथीत हे प्रथिन भरपूर असते. ज्या उंदरांमध्ये ते मुळीच नसते, त्यांच्या टी-पेशींची वाढ मध्येच अडते आणि ते काही आठवड्यांतच मरतात. २००३ मध्ये याच गटाने दाखवले की टी-पेशीच्या केंद्रकात सॅटबी-१ पिंजऱ्यासारखे पसरलेले असते आणि डीएनएच्या ठरावीक जागा त्या पिंजऱ्याला अडकवलेल्या असतात. भिंतीवर खुंट्या असाव्यात आणि दोरी एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर न्यावी, मधला भाग लोंबता राहावा, तसे. हे लोंबते भाग म्हणजे फास. एका फासातली जनुके एकत्र चालू होऊ शकतात किंवा एकत्र बंद राहू शकतात.

गलांडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून डॉक्टरेट करून कोवी-शिगेमात्सु यांच्याच प्रयोगशाळेत, कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली येथे, काम करत होते. नंतर ते पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आले. पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही संस्था अनेक वाचकांनी गणेशखिंडीतून जाताना पाहिली असेल. तिथे त्यांनी जो प्रश्न हाती घेतला तो साधा होता. खुंटी जर कायम भिंतीत ठोकलेली असेल, तर पेशीला गरजेप्रमाणे जनुक चालू-बंद कसे करता येते? टी-पेशी शांत असताना तिला काही जनुके बंद हवी असतात. जंतू दिसला की तीच मिनिटांत उघडावी लागतात.

२००६ मध्ये ‘मॉलिक्युलर सेल’ या नियतकालिकात त्यांच्या गटाने दिलेले उत्तर आजही वर्गात शिकवण्यासारखे आहे. सॅटबी-१ या प्रथिनाच्या एका जागेवर फॉस्फेटचा छोटा गट चिकटतो किंवा सुटतो. चिकटलेला असला की सॅटबी-१ आपल्याजवळ एचडॅक-१ नावाचे विकर बोलावते. हे विकर क्रोमॅटिन घट्ट आवळून टाकते आणि जनुक बंद राहते. फॉस्फेट सुटला की सॅटबी-१ जोडीदार बदलते. आता येणारे विकर क्रोमॅटिन सैल करणारे असते, आणि टी-पेशीला लढायला उठवणारे इंटरल्युकिन-२ हे रसायन बनवणारे जनुक चालू होते. म्हणजे खुंटी तीच, जागा तीच, पण तिला लावलेली एक चिमुकली चिठ्ठी बदलली की थप्पीचा दरवाजा उघडतो किंवा बंद होतो. त्याआधी २००५ मध्ये याच गटाने दाखवले होते की एचआयव्हीचा विषाणू नेमका याच जागी हात घालतो. त्याचे टॅट नावाचे प्रथिन सॅटबी-१ जवळच्या एचडॅक-१ला हुसकावून लावते आणि टी-पेशीचा बंद दरवाजा आपल्या सोयीने उघडतो. विषाणूला आपल्या पेशीतली ही रचना आपल्याआधी कळलेली होती, असेच म्हणायचे.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, ‘नेचर सेल बायोलॉजी’त आलेल्या कामात फास प्रत्यक्ष बदलताना दाखवले गेले. शरीराला आपले-परके ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा एक मोठा समूह आपल्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. सॅटबी-१ आणि पीएमएल नावाचे दुसरे प्रथिन मिळून त्या भागाचे फास घडवतात, आणि इंटरफेरॉन-गॅमा हा संसर्गाच्या वेळचा संदेश पेशीला दिला की फासांची मांडणी बदलते. २०१० मध्ये पुन्हा एक पाऊल पुढे: टी-पेशी कोणत्या प्रकारची होणार हे ठरवण्यात सॅटबी-१ हे बीटा-कॅटेनिन या प्रथिनाशी हातमिळवणी करते, असे दिसून आले. त्याच वर्षी गलांडे यांना जीवशास्त्रातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्या वर्षी जीवशास्त्रात दोघांना तो मिळाला. दुसऱ्या होत्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, मेंदूच्या घडणीवर काम करणाऱ्या डॉ. शुभा टोळे. दोन्ही पुरस्कार महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांना आले, याची आपल्याकडे व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. गलांडे पुढे पाषाणच्या ‘आयसर’मध्ये गेले, तिथे एपिजेनेटिक्सचे उत्कृष्टता केंद्र उभे राहिले, आणि त्यांच्याकडे शिकलेले विद्यार्थी आज इतर संस्थांत स्वतःच्या प्रयोगशाळा चालवतात.

वाचकांना इथे वाटेल की टी-पेशी, विषाणू, फास हे सगळे ठीक, पण फुलचूरच्या लेकराचे काय? आता तिकडेच वळू.

हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारी जनुके आपल्या अकराव्या गुणसूत्रावर एका रांगेत बसलेली आहेत. त्यांचा क्रमही बघण्यासारखा आहे. सगळ्यात आधी भ्रूणावस्थेत लागणारे जनुक, मग गर्भात लागणारी गॅमा जनुकांची जोडी, आणि शेवटी मोठेपणी लागणारे डेल्टा व बीटा. जणू वयाप्रमाणे रांग लावली आहे. सिकलसेलचा दोष यातल्या फक्त बीटा जनुकात असतो. एक अक्षर बदलते, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. गॅमा जनुकात हा दोष नाही. गर्भात आणि जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बहुतांश हिमोग्लोबिन गॅमाचेच असते. म्हणून बाळ ठणठणीत. जन्मानंतर हळूहळू गॅमा बंद होते, बीटा चालू होते, आणि पाच-सहा महिन्यांत दोष उघडा पडतो. आईने पाहिले ते हेच. मुलाचे काही बिघडले नव्हते. एक जनुक वेळापत्रकाप्रमाणे झाकले गेले आणि दुसरे उघडले गेले.

हे झाकणे-उघडणे क्रोमॅटिनचेच काम आहे. या रांगेपासून बऱ्याच अंतरावर डीएनएचा एक भाग आहे, जो या सर्व जनुकांचा मुख्य बटणफलक म्हणता येईल. बीटा जनुकापासून तो सुमारे ५० हजार अक्षरे लांब आहे. एवढ्या लांबून तो जनुकाला कसा चालू करतो, हे कोडे बरीच वर्षे होते. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले की तो लांबून काही करत नाहीच. मधला धागा फास होऊन बाजूला वळतो आणि बटणफलक जनुकाला प्रत्यक्ष येऊन भिडतो. गर्भात तो गॅमाला भिडतो, जन्मानंतर बीटाला. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत एक धाडसी प्रयोग झाला. मोठ्या माणसाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या पेशींमध्ये कृत्रिम प्रथिन घालून हा फास मुद्दाम गॅमाकडे वळवला, आणि बंद पडलेले गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागले. (एक खुलासा: पिकलेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसते. त्यामुळे हा सगळा व्यवहार रक्तात नव्हे, अस्थिमज्जेतल्या कच्च्या पेशींमध्ये चालतो.)

गॅमा बंद ठेवण्यात मोठा वाटा बीसीएल-११-ए या प्रथिनाचा आहे, हे २००८ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी सिद्ध केले. ते गॅमा जनुकापाशी येते आणि क्रोमॅटिन आवळणाऱ्या विकरांची टोळी बरोबर आणते. त्या टोळीत एचडॅक-१ असते. म्हणजे पुण्यात टी-पेशीत सापडलेला जोडीदार इथेही हजर! निसर्ग अवजारे थोडीच ठेवतो, पण सगळीकडे वापरतो.

आणि मग उपाय सुचला. सदोष बीटा दुरुस्त करण्याऐवजी, बीसीएल-११-ए बनवणाऱ्या जनुकाचा फक्त रक्तपेशींपुरता असलेला बटणाचा तुकडा क्रिस्परच्या कात्रीने तोडायचा. कुलूप लावणाराच गेला की गॅमा पुन्हा उघडते. या तत्त्वावरचे ‘कॅसजेव्ही’ हे उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने मंजूर केले. चाचणीत पुरेसा काळ पाहणीखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र वेदनेचा झटका आला नाही. ज्यांनी या आजाराचे झटके पाहिले आहेत, त्यांना या आकड्याचे मोल सांगायला नको.

पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांच्या वर. शिवाय रुग्णाच्या मूळ पेशी काढून, त्या दुरुस्त करून परत देण्याआधी अस्थिमज्जा रिकामी करायला तीव्र केमोथेरपी द्यावी लागते. तिचे धोके आहेत, वंध्यत्वाचाही. महिनोन्‌महिने मोठ्या रुग्णालयाच्या हाताशी राहावे लागते. धान लावणीच्या रोजीवर चालणाऱ्या घराला हे सांगणे म्हणजे थट्टाच. दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ या सरकारी संस्थेने स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली आहे आणि तिच्यावर आधारलेल्या देशी उपचाराला ‘बिरसा १०१’ असे, बिरसा मुंडांच्या नावावरून, नाव दिले आहे. ती स्वस्त व्हावी हा उद्देश आहे. ती गोंदियाच्या रुग्णालयात कधी मिळेल याची तारीख कुणी सांगितली तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आज हातात काय आहे, ते मात्र कमी नाही. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, गोळीच्या रूपात मिळणारे औषध अनेक रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, म्हणजे कात्री न लावता तेच दार थोडे किलकिले करते. अमेरिकेत ते सिकलसेलसाठी १९९८ पासून मान्य आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक काळाने रक्ततपासणी करतच ते घ्यायचे असते. मध्येच मनाने बंद करायचे नसते आणि शेजाऱ्याच्या मुलाला बरे वाटले म्हणून आपल्या मुलाला द्यायचे नसते. जोडीला फॉलिक आम्ल, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, न्यूमोनियाची लस. सिकलसेलच्या मुलाला ताप आला की ‘उद्या बघू’ नाही. त्याच दिवशी दवाखाना. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि साधा वाटणारा जंतूसंसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो.

केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झाली. देशभरात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, असे तिचे लक्ष्य आहे. आशाताई घरी येतात, उपकेंद्रात बोटातून रक्त घेतले जाते. बहुतेकदा पहिली चाचणी सोल्युबिलिटीची असते: रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा, ते गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे. स्वस्त आणि झटपट. पण गढूळ झाले म्हणजे आजार आहेच असे नाही. एकच सदोष जनुक असलेला ‘वाहक’ही त्यात सापडतो, आणि वाहक माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो. मलेरियाच्या मुलुखात तर वाहक असण्याचा फायदाच होता. हे जनुक इकडे टिकले ते त्यामुळेच. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीत कळते. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता रुग्ण मूल होण्याची असते. ‘पहिले रुग्ण झाले, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब नसतो. त्यांना गर्भातल्या बाळाची तपासणी पहिल्या तिमाहीतच करून घेता येते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगणे गरजेचे.

आणि पुन्हा त्या सहा महिन्यांकडे. सोल्युबिलिटी चाचणी तान्ह्या बाळाची केली तर फसगत होऊ शकते, कारण त्याच्या रक्तात अजून गॅमाचेच राज्य असते. द्रावण स्वच्छ राहते, कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते, आणि तो कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो. सहा महिन्यांच्या आत किंवा नुकतेच रक्त चढवल्यानंतर केलेल्या अशा चाचणीवर विसंबून राहू नये. आई-वडिलांपैकी कुणी वाहक असेल तर बाळाची तपासणी सुरुवातीलाच एचपीएलसीने करून घ्यावी. ते जमले नसेल, तर पेटीतला तो कागद काढून तारीख बघावी आणि बाळाला पुन्हा उपकेंद्रात न्यावे.